तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

मे महिन्यातलं ऊन नकोसं झालेली बाई स्वीडनच्या अख्ख्या स्मोलांड भागात एकच असेल, ती म्हणजे गुन्नेल. सगळा हिवाळा ज्या उन्हाची वाट बघितली ते एकदाचं आलं, तेव्हा लोक अंगणात खुर्च्या टाकून, डोळे मिटून, आधी एक गाल आणि मग दुसरा असे शेकत बसले होते. आणि ही बाई स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर टांगलेल्या थर्मामीटरशी भांडत होती.

"चढू नकोस," ती त्याला म्हणाली. "आजचा दिवस तरी चढू नकोस."

पारा सोळावर होता. अठराच्या वर गेला, वारा पडला, की भुंगेरे उडणार. तांदळाच्या दाण्याएवढा जीव, पण स्प्रूसचं उभं सूचिपर्णी झाड सालीच्या आत शिरून आतल्या आत खाऊन टाकतो. फेब्रुवारीतल्या वादळाने गुन्नेलच्या रानातली हद्दीकडची झाडं मुळासकट आडवी केली होती. पडलेल्या झाडांत भुंगेऱ्यांनी संसार थाटला होता. आता हवा तापली की तो संसार उठून शेजारच्या उभ्या झाडांवर जाणार. त्याआधी पडलेलं सगळं रानाबाहेर काढलं तर बाकीचं वाचेल. नाही काढलं, तर पुढच्या उन्हाळ्यात घरामागे हिरवं रान नसेल, तपकिरी सांगाडे असतील.

हे रान तिने लावलं होतं. एकटीने नाही, बारा वर्षांची होती तेव्हा, बापाबरोबर. बाप, आल्गोत, पुढे कुदळीने भोक पाडत चालायचा आणि ती मागून पिशवीतलं रोप काढून त्यात खोचायची, टाचेने माती दाबायची. "हळू दाब," तो म्हणायचा, "रोप आहे, सिगारेट नाही." पण हळू हा गुन्नेलचा प्रांतच नव्हता. ती एका ओळीत बापाच्या पुढे निघून जायची आणि भोकाची वाट बघत एका पायावर नाचत उभी राहायची. आता ती सत्तावन्न वर्षांची होती, शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांचं जेवण रांधत होती, आणि अजून एका पायावरच उभी होती.

त्या दिवशी सकाळपासून ती तिसऱ्यांदा रानात आली होती. दर वेळी तेच. उभ्या झाडाच्या बुंध्याशी वाकायचं, सालीच्या खपल्यांत, कोळ्याच्या जाळ्यात तपकिरी भुगा दिसतो का बघायचं. बारीक दळलेल्या कॉफीसारखा तो भुगा दिसला की समजायचं, पाहुणे आत शिरले. दोन झाडांखाली तिला तो दिसला. हद्दीच्या दगडी गडग्याला लागून असलेली दोन झाडं. एक तिचं, एक गडग्यापलीकडचं, शेजारच्या एवर्टकाकांचं.

ती गडग्याशी उभी असतानाच तूवा आली. तूवा ही जंगलमालकांच्या सहकारी संघाची या भागातली अधिकारी. वय तिशीच्या आत, बूट गुडघ्यापर्यंत चिखलाचे, जन्म आणि शिक्षण स्टॉकहोमचं. पोरगी कामाची होती. वादळानंतर तिने कुणाकडे किती झाडं पडली, रस्ता कुणाकडून, ओढा कुठे, सगळं पायी फिरून पाहिलं होतं. गावाने तिला नाव ठेवायला जागा शोधली, सापडली नाही, म्हणून ती फार भरभर बोलते एवढ्यावर समाधान मानलं होतं.

"गुन्नेल, बातमी बरी नाही," तूवा भरभर म्हणाली. "झाडं कापणारं हार्वेस्टर यंत्र उद्या शेजारच्या गावातलं काम संपवतंय. तुझी झाडं आणि एवर्टची झाडं मिळून एक लॉट झाला असता तर सोमवारी इथे आणलं असतं. तुझ्या एकटीच्या झाडांसाठी एवढं मोठं धूड ट्रेलरवर चढवून आणायला संघाचा नियोजनवाला तयार नाही. मग ते उत्तरेला मोठ्या कामावर जाईल. परत यायला जूनचा शेवट."

"जूनच्या शेवटाला काय माझ्या झाडांचं श्राद्ध घालायला येणार?"

"मला कळतंय गं."

"आणि एवर्टकाका काय म्हणाले?"

"नाही म्हणाला."

"नाही म्हणजे कसं? शब्द सांग."

तूवाने आठवलं. "म्हणाला, 'नको, नको, माझ्यासारख्या म्हाताऱ्यासाठी कशाला एवढा खटाटोप.' मी म्हटलं, बरं. आभार मानले आणि निघाले."

"निघालीस?"

"मग काय करू? माणूस नाही म्हणाला."

"कितीदा?"

"कितीदा म्हणजे? एकदा!"

गुन्नेल आडव्या पडलेल्या खोडावर बसली. त्या दिवसातलं तिचं हे पहिलं बसणं. "तूवा, त्यांनी तुला कॉफी विचारली होती?"

"हो. मी म्हटलं, नको, आत्ताच घेतली."

"मग?"

"मग परत विचारली. मी म्हटलं, खरंच नको. तर परत विचारली. मग घ्यावीच लागली, दोन कप. वर ते वेलचीचे पाव."

"मग तेच तू त्यांना करायचं होतंस ना माझ्या बाई!"

"गुन्नेल, आम्हाला शिकवलंय, मालकावर दबाव आणायचा नाही. संघ त्याचाच आहे. मी त्याची नोकर आहे. तो नाही म्हणाला तर नाही."

"ते बरोबरच आहे. पण ऐंशी ओलांडलेल्या माणसाचं पहिलं नाही म्हणजे नुसतं दारातल्या पायपुसण्यावर पाय पुसणं. दुसरं नाही म्हणजे टोपी काढणं. तिसऱ्यांदा विचारलंस की मग माणूस आत येतो."

"आणि तिसऱ्यांदाही नाही म्हणाला तर?"

"तर ते नाही."

"असं लिहून कुठे ठेवलंय?"

"कुठेच नाही. म्हणून तर सगळ्यांना माहीत आहे."

तूवाने घड्याळ पाहिलं. "मी परत गेले तर तो म्हणेल, संघाची बाई मागेच लागली. शेजारी म्हणून तू जा. उद्या दुपारी बारापर्यंत नियोजनवाल्याला उत्तर द्यायचंय."

"मी?" गुन्नेल उठली. "मी नाही जायची."

आणि ती इतक्या झटकन उठून इतक्या झटकन गडग्याच्या कडेने चालायला लागली, की तूवाला कळलं, इथे काहीतरी जुनं पुरलेलं आहे. तिने खणलं नाही. फक्त मागून म्हणाली, "बारापर्यंत हं!"

जुनं ते होतंच. नऊ वर्षांपूर्वी आल्गोत गेला. पुरल्यानंतर आठवड्याभराने एवर्टकाका टोपी हातात घेऊन अंगणात आले. ते आणि आल्गोत संघाच्या सभेला कायम एका बाकावर बसलेले. संघात रान कितीही मोठं असो, मत एकच, आणि या दोघांची दोन मतं मिळून तेव्हा एकच पडायचं. वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक खाऊन दोघं एका गाडीतून परत यायचे. तर काका आले आणि म्हणाले, "तुझ्या बापाच्या लावणीत विरळणी करायची वेळ झालीय, गुन्नेल. झाडं एकमेकांच्या अंगावर आलीत. माझा ट्रॅक्टर आहे. करून देऊ का?"

गुन्नेल म्हणाली, "नको काका, कशाला त्रास."

ते म्हणाले, "त्रास कसला. करून देतो की."

गुन्नेल म्हणाली, "नको, खरंच नको, होईल माझं."

आणि काका तिथेच थांबले. टोपी फिरवत राहिले, मान हलवली, निघून गेले. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही, निदान गुन्नेलच्या आठवणीत तरी नाही.

म्हणजे माणूस तोंडदेखलं आला होता, असं गुन्नेलने त्यातून काढलं. बापाचा जिवाभावाचा मित्र, आणि दोन विचारण्यांत आटोपतो! ती इतकी चिडली की तिने संघालाही विचारलं नाही. सगळं मीच करीन म्हणाली आणि वर्षं जाऊ दिली. शेवटी जाहिरात बघून कुठलासा ठेकेदार आणला. त्याने जाडजूड निवडून नेली आणि काड्यांसारखी उंच, बारीक झाडं एकमेकांच्या आधाराशिवाय वाऱ्यात उभी सोडली. फेब्रुवारीत जी आडवी पडली ती हीच. हे तिला माहीत होतं. माहीत असलेल्या सगळ्याच गोष्टी माणूस मनात फार वेळ ठेवत नाही. एवर्टकाकांना ती रस्त्यात मान हलवायची, ते टोपीला बोट लावायचे. एवढंच.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी तिने शाळेत अजून एक सुट्टी सांगितली. आठ वाजता तिने ठरवलं, जायचं नाही. साडेआठला केस विंचरले. नऊला पारा सतरावर गेला आणि ती कोट न घालताच घराबाहेर पडली. मग परत आली, कारण रिकाम्या हाताने जाता येत नाही. फ्रिजमध्ये लिंगनबेरीचा मुरंबा होता, तो उचलला. गडग्यापर्यंत गेली आणि परत फिरली, कारण बरणीला झाकण नव्हतं.

काकांचं दार वाजवायची वेळच आली नाही. ते दारातच उभे होते. स्वच्छ सदरा, ओले करून बसवलेले केस. टेबलावर कॉफीचं भांडं, सोनेरी काठाच्या बश्या, आणि बिस्किटं सात तऱ्हेची, मानाच्या पाहुण्यापुढे मांडतात तशी. आस्ताकाकू गेल्यापासून या घरात सात तऱ्हा कुणी मांडल्या नसतील.

"कुणी येणार आहे का काका?" गुन्नेलने विचारलं.

"कोण येणार," काका म्हणाले. "ती संघाची मुलगी परत येईल असं वाटलं होतं. मंगळवारी केक फ्रीजरमधून काढला. आली नाही. बुधवारी परत ठेवला. काल काढला." त्यांनी केककडे पाहिलं. "आता तो थकलाय. बस."

ती बसली. म्हणजे खुर्चीच्या काठावर टेकली.

कॉफी नको म्हणाली, मग नको म्हणाली, मग घेतली. आधी साधा पाव, मग केक, मग बिस्किटं, या क्रमात घाई करता येत नाही. हवेवर बोलणं झालं. ओढ्याच्या पाण्यावर झालं. काकांच्या गुडघ्यावर झालं, एकेका गुडघ्यावर वेगळं. भिंतीवरचं घड्याळ गुन्नेलच्या डोक्यामागे होतं आणि ती ते मानेने ऐकत होती. टेबलाखाली तिचा पाय नाचत होता. बश्या किणकिणायला लागल्या तेव्हा तिने दुसऱ्या पायाने तो दाबून धरला.

अकरा वाजून गेल्यावर, चौथ्या तऱ्हेच्या बिस्किटाशी, ती म्हणाली, "काका, सोमवारी हार्वेस्टर येऊ शकतं. आपल्या दोघांची पडलेली झाडं एकत्र काढायची, गाड्याही एकत्रच भरायच्या. संघाचा दर आहेच, लहान-मोठा सगळ्यांना सारखा. तुम्ही हो म्हणाल का?"

"नको, नको," काका म्हणाले. "मी आता किती दिवसांचा. भुंगे खातील काय खायचं ते."

ही पहिली खेप. गुन्नेलने पाचवं बिस्किट घेतलं. ते वाळूसारखं होतं, घशाखाली उतरेना. काकांनी खिडकीबाहेर बोट दाखवून सांगितलं की यंदा पाकोळ्या लवकर आल्या. पाकोळ्या आल्या हे गुन्नेलने मान्य केलं. हवा तापतेय हे पाकोळ्यांनाही कळतं, असं तिला म्हणावंसं वाटलं. म्हणाली नाही.

"काका, एकट्या माझ्या झाडांसाठी ते येणार नाहीत," ती म्हणाली. "तुमची लागली तरच येतील. तुम्ही हो म्हणावं असं मला वाटतं."

"अगं, तू तुझं बघ. माझ्या रानात जायला रस्ताही धड नाही. नको."

ही दुसरी. आता एक घोट, एक बिस्किट, आणि तिसरी. गुन्नेलने कपाला हात घातला आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजायला लागला.

तूवा. दुसरं कोण असणार. अकरा वाजून पन्नास मिनिटं झाली असतील. नियोजनवाला तिच्या डोक्यावर बसला असेल. गुन्नेलचा हात खिशाकडे गेला, खुर्ची मागे सरकली, ती अर्धी उठलीसुद्धा. आणि तिने काकांकडे पाहिलं.

काका तिच्याकडे बघत नव्हते. ते आपल्या गुडघ्यावरची टोपी फिरवत होते. घरात, स्वतःच्या टेबलाशी, टोपी कशाला, असा विचार तिच्या मनात आला. आणि मग तिला ते अंगण दिसलं. नऊ वर्षांपूर्वीचं. टोपी फिरवणारे काका. त्यांनी तोंड उघडलं होतं, हो, उघडलं होतं. आणि खिशात फोन वाजला होता. शाळेतून, भट्टी पेटत नाही म्हणून. "एक मिनिट काका," म्हणून ती आत पळाली होती, किल्ल्या घेऊन मागच्या दाराने थेट गाडीत. अंगणात माणूस उभा आहे हे तिच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

फोन वाजत होता. गुन्नेल खाली बसली. पूर्ण बसली, पाठ टेकवून. फोन वाजून वाजून थांबला. घड्याळाची टकटक तेवढी राहिली.

"घ्यायचा नाही का?" काका म्हणाले.

"नाही."

"महत्त्वाचा असेल."

"असेल." तिने सहावं बिस्किट उचललं. "काका, तिसऱ्यांदा विचारते आहे. झाडं एकत्र काढू या का?"

काकांनी टोपी टेबलावर ठेवली. "थांब. तुझ्याआधी माझं राहिलंय. माझी तिसरी." त्यांनी घसा साफ केला, जणू समोर संघाची सभा बसली होती. "तुझ्या बापाच्या लावणीत विरळणी करून देऊ का?"

गुन्नेलला हसू आलं आणि त्याच वाटेने दुसरं काहीतरी येऊ लागलं, म्हणून तिने बिस्किट तोंडात कोंबलं. "काका, तुमच्याकडे ट्रॅक्टर कुठाय आता?"

"विकला."

"आणि विरळणी कशाची? जी विरळ व्हायची ती वाऱ्याने केली."

"ते मला दिसतंय खिडकीतून. रोज दिसतं. मी विचारतोय."

एका शब्दाचं उत्तर होतं. पण तो शब्द गुन्नेलच्या सवयीचा नव्हता. 'होईल माझं' म्हणण्यात तिने नऊ वर्षं काढली होती, आणि ती नऊ वर्षं गडग्यापलीकडे मुळं वर करून पडली होती.

"हो," ती म्हणाली. "द्या करून. तेव्हाच हो म्हणायला हवं होतं."

"तेव्हा तू घाईत होतीस," काका म्हणाले. दोष देत नव्हते, हवेबद्दल सांगावं तसं सांगत होते. मग त्यांनी केकचा उरलेला तुकडा तिच्या बशीत ठेवला. "आणि तुझं ते सोमवारचं. त्रास होणार नसेल कुणाला… तर काढा."

बाराला दोन मिनिटं कमी होती की दोन जास्त, हे गुन्नेलने पाहिलं नाही. ती अंगणात धावली, फोन लावला.

"तूवा! हो म्हणाले! उशीर झाला का? मी उचलला नाही, मला माहीत आहे, पण उठता येत नव्हतं, मी…"

"मी सांगून टाकलं," तूवा म्हणाली.

"काय सांगितलंस? नाही म्हणून?"

"हो म्हणून सांगितलं. ट्रेलर इकडेच वळवायला सांगितला. नियोजनवाला म्हणाला, मालकाचा होकार कुठाय? मी म्हटलं, गुन्नेलने फोन उचलला नाही. म्हणजे ती अजून बसलेली आहे. गुन्नेल बसून राहिलीय म्हणजे काम होतंय."

"आणि नाही म्हणाले असते तर?"

"तर सोमवारी मी माझ्या आईकडे स्टॉकहोमला राहायला गेले असते. आता ऐक. लगेच हुरळून जाऊ नकोस. ज्या उभ्या झाडांखाली भुगा दिसला तीही जातील, आणि त्यांच्या आजूबाजूची एक ओळही. तुझी लावलेली. आज उद्यात त्यांना रिबिनी बांधून ठेव, यंत्रवाल्याला कळायला हवीत. आणि सोमवारपर्यंत हवा तापली तर माझ्या हातात काही नाही."

"कळलं," गुन्नेल म्हणाली. दक्षिणेकडून मऊ वारा येत होता, तो पडायच्या बेतात होता. सोमवार अजून किती लांब! तिचे पाय आपोआप रानाकडे वळले. आत्ता जाऊन बांधल्या तर दुपारपर्यंत…

मागे दार वाजलं. एवर्टकाका पायऱ्या उतरत होते. डोक्यावर टोपी, एका हातात काठी, दुसऱ्या हातात लाल रिबिनीचं रीळ; पुढचं काम काय ते त्यांना फोनशिवायच ठाऊक होतं. खिशातून छोट्या कुऱ्हाडीचा दांडा डोकावत होता. गुडघे, त्यांनी सांगितल्याप्रमाणे, वेगवेगळे दुखत होते. डावा आधी येत होता, उजवा विचार करून.

"कुठून सुरू करायचं?" त्यांनी विचारलं.

"काका, तुम्ही बसा, मी पटकन बांधून येते."

"विरळणी माझ्याकडे आहे," काका म्हणाले. "तू हो म्हणालीस."

आणि ते चालायला लागले. गुन्नेल चार पावलं पुढे गेली आणि थांबली. ते आले. ती परत चार पावलं पुढे गेली, थांबली. गडग्याला जिथे दगड ढासळून वाट पडली होती तिथपर्यंत असंच चाललं. वारा पडला होता. एक भुंगेरा, पहिलाच, काकांच्या बाहीवर येऊन बसला. गुन्नेलने तो चिमटीत पकडला आणि टाचेखाली दाबला, जोरात.

"हळू," काका म्हणाले. "पाय मोडेल." आणि गडगा ओलांडायला त्यांनी हात पुढे केला.

गुन्नेलने तो धरला. आता काका पाय उचलतील, टेकवतील, दुसरा उचलतील. ती एका पायावर उभी राहून वाट बघत राहिली.